बंद नंबरवरची बाई

मोबाईल दुरुस्त झाला की आवाज तपासावा लागतो, आणि आवाज तपासायचा म्हणजे कुणाला तरी फोन लावावा लागतो. माझ्या ओळखीचे सगळे मिस्त्री त्यासाठी बायकोला फोन लावतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. पण दिवसातून वीस वेळा फोन करून "ऐकू येतंय का?" एवढंच विचारणारा नवरा कुठल्या बाईला चालेल? एके दिवशी तिनं माझा नंबर ब्लॉक केला आणि मला दुसरी सोय बघावी लागली.

रहिमतपूरच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे, सहा फूट बाय नऊ फूट. माझं नाव मुजीब, पण बोर्डावर मुलीचं नाव आहे, 'सिमरन मोबाईल'. त्या नावाखाली जो नंबर रंगवलाय तो सात वर्षांपूर्वीच बंद पडला. कंपन्यांनी दर महिन्याचं रिचार्ज सक्तीचं केलं तेव्हा दोन दोन सिम पोसण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून मी तो सोडून दिला. बोटांना मात्र तोच नंबर पाठ. एकदा चुकून लावला, तर पलीकडून बाईचा स्वच्छ आवाज आला, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पहा." मग तेच हिंदीत, मग तेच इंग्रजीत. बरोबर एकोणीस सेकंद. मला तिथल्या तिथं सुचलं की हीच आपली बाई. ही वैतागत नाही, उचलायला वेळ लावत नाही, कोण बोलतंय म्हणून चौकशी करत नाही, आणि शिल्लक जशीच्या तशी राहते.

तेव्हापासून दुकानात आलेला प्रत्येक फोन मी त्या बंद नंबरवर तपासत आलोय. बाईचा आवाज मला इतका पाठ झाला की 'अस्तित्वात' म्हणताना ती कुठं जोर देते आणि हिंदी सुरू करण्याआधी किती थांबते हेसुद्धा मला ठाऊक. स्पीकरच्या जाळीत कचरा असला की तिचा 'स' फाटतो. स्पीकरची कॉइल बसली असेल तर 'आपण'मधला 'आ' जातो. बंद पडलेले नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते, माझा नंबर एवढ्या वर्षांत कुणालाच कसा दिला नाही, असा विचार कधीमधी मनात यायचा. पण माझी सोय होत होती, मग मी कशाला विचारायला जातोय.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही हे आधीच सांगून ठेवतो. फोनमध्ये कुणीतरी कुजबुजतंय असं सांगत लोक दुकानात येतात. मी त्यांच्यासमोर फोन उघडतो आणि आतलं झुरळ काढून दाखवतो.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. गणपती आठ दिवसांवर आले होते, समोरच्या दुकानात मखरं लागली होती आणि बाजारात नुसती धांदल होती. सकाळी अकराच्या सुमारास आकाराम सुभेदार आले. मिलिटरीतून रिटायर झालेले, पलीकडच्या वाडीचे, वय ऐंशीच्या आसपास, पाठ अजून ताठ, फक्त कानानं कमी. सोबत नात होती, प्रियदर्शनी. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यावरचे तीन रबर सोडवले आणि आतला बटणांचा जुना फोन माझ्या काउंटरवर ठेवला.

"मुका झालाय," सुभेदार म्हणाले. "दीड म्हैना झाला, कुणाचा म्हणून फोन येत न्हाई. बघ गड्या काय झालंय ते."

फोन उघडला तर जाळीत तंबाखूची पूड अशी बसली होती की तिच्यात एखादं रोप सहज लागलं असतं. थिनर आणि टूथब्रशनं सगळं साफ केलं, स्पीकर नवा टाकला, दुकानाचं टेस्टिंगचं सिम घातलं आणि सवयीनं बंद नंबर लावला. बाई बोलली. आवाज खणखणीत होता. मराठी वाक्य संपलं, आणि हिंदी सुरू व्हायच्या आधी बाई खाकरली.

मी फोन कानापासून दूर धरून बघितला. मग परत जाळी धुतली, ब्लोअरनं वाळवली आणि पुन्हा लावला. या वेळी ती खाकरली नाही. पण दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, बऱ्याच लांबून, कुणीतरी स्टीलचा पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

मग मी माझ्या फोनवरून तोच नंबर लावला. एकोणीस सेकंद, पेला नाही, खाकरणं नाही. सुभेदारांच्या फोनवरून लावला, तर तेवीस सेकंद. टेस्टिंगचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं, परत एकोणीस. कंपनीनं नवीन रेकॉर्डिंग टाकलं असेल आणि हा जुना हँडसेट भलत्याच टॉवरला चिकटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते तेव्हा मला पटलंही होतं.

"भाई, आता ओटीपी येईल ना?" प्रियदर्शनीनं विचारलं.

मी त्यांचं सिम घातलं. टॉवरची एकही दांडी उभी राहिली नाही. शेवटचं रिचार्ज कधी केलं होतं ते विचारलं, तर सुभेदारांनी छाती पुढं काढली आणि पाकिटातून घडी पडून पडून पिवळा झालेला कागद काढला. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी हे कार्ड घेतलं होतं आणि त्यावर छापलं होतं, आजीवन इनकमिंग. त्या दिवसापासून त्यांनी रिचार्ज केलेलं नव्हतं. गावातल्या पोरांनी सांगितलं, मुलानं सांगितलं, एकदा मीही सांगितलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"सरकार मला आजीवन पेन्शन देतंय. त्याला कुठं म्हैन्याला रिचार्ज मारावा लागतो?"

मी म्हटलं, आवं सुभेदार, नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देताच ना, हेही तसंच समजायचं. त्यावर ते म्हणाले की तो दाखला बँकेला द्यायचा असतो, मोबाईलवाल्याला नाही. कंपनीनं इतकी वर्षं हा नंबर कसा चालू ठेवला हेच मला नवल वाटत होतं. बहुतेक त्यांच्या यादीत कुठंतरी राहून गेला असणार. पण जुलैमध्ये कुणाच्या तरी नजरेला पडला आणि त्यांनी तो तोडला.

एवढ्यावर हसून विषय संपला असता. पण प्रियदर्शनी हसत नव्हती.

आमच्याकडं एक पद्धत आहे. घरातल्या तरण्या माणसांचे नंबर नव्या ऑफरबरोबर बदलत राहतात, म्हणून शाळेच्या फॉर्मपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडं घरातल्या म्हाताऱ्याचा नंबर द्यायचा. तोच पक्का समजतात. प्रियदर्शनीनंही नर्सिंगच्या प्रवेशाच्या अर्जात आजोबांचा नंबर टाकला होता. परवा यादी लागली आणि तिला सांगलीच्या कॉलेजात जागा मिळाली. ती जागा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजायच्या आत ऑनलाइन पक्की करायची होती, आणि त्यासाठी लागणारा ओटीपी जाणार होता तो याच नंबरवर. अर्जातला नंबर बदलता येत होता, पण बदलण्यासाठीसुद्धा जुन्या नंबरवर ओटीपी जात होता. ओटीपी मागायला तीनच वेळा परवानगी होती. त्यातल्या दोन वेळा तिनं घरीच वाया घालवल्या होत्या.

जागा हुकली तर पुढं काय, ते तिनं सांगितलं नाही. सुभेदारांनी सांगितलं. घरात स्थळं बघायचं आधीच चाललं होतं. सांगलीची जागा मिळाली म्हणून ते थांबलं होतं.

"पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "इंजेक्शन देताना माझा हातसुदीक धरावा लागत न्हाई तिला."

मी तिला साताऱ्याला कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे ग्राहक सेवा केंद्रात, पाठवलं. दुपारच्या एसटीनं ती गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. गॅलरीतल्या माणसानं संगणकात बघून सांगितलं होतं की हा नंबर आता कुणाचाच नाही. पुढं दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, पण मागून मिळणार नाही. कॉलेजच्या हेल्पलाइनवाल्यांनी अर्ज करायला सांगितलं आणि त्याला आठ दिवस लागतील म्हणाले. ती एसटी स्टँडवर उभी राहून हे सांगत होती. तिचा आवाज इतका शांत होता की मला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दोघं परत दुकानात आले. त्यांच्याकडं दुसरा काही उपाय उरलेला नव्हता आणि दुरुस्तीचा माणूस काहीतरी करेल, अशी लोकांची समजूत असते. सुभेदार स्टुलावर बसले. त्या दिवशी पाठ ताठ नव्हती. पिवळा कागद हातातच होता.

"माझ्या हट्टापायी पोरीचं वाटुळं झालं," ते म्हणाले. प्रियदर्शनीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं. स्वतःच्या मुलीचं असं काही झालं असतं तर मी काय केलं असतं, हे डोक्यातून जाईना.

मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून जे रोज करतो ते केलं. टेस्टिंगचं सिम सुभेदारांच्या फोनमध्ये घातलं आणि त्या फोनवरून सुभेदारांचाच नंबर लावला. तो बंद आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन काउंटरवर ठेवला.

"आपण डायल केलेला क्रमांक," बाई म्हणाली आणि थांबली. पुढं काही येईना. समोरच्या दुकानात कुणीतरी ढोलकी वाजवून बघत होतं, तीही नेमकी थांबली.

"नवीन आलाय," बाई म्हणाली. "सुभेदारांचा ना?"

तोच आवाज, तेच शुद्ध मराठी. प्रियदर्शनीनं माझ्याकडं बघितलं. मी स्क्रीनकडं बघत होतो. फोन उचलला की सेकंद पळायला लागतात. तिथं अजून 'कॉल करत आहे' एवढंच लिहिलेलं होतं.

आमच्यात एकट्या सुभेदारांना काही विशेष वाटलं नाही. इतक्या दिवसांनी कंपनीतलं माणूस बोललं एवढंच त्यांच्या कानात शिरलं. ते फोनवर वाकले आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. सतरा वर्षांपूर्वीचं कार्ड, आजीवन इनकमिंग, पिवळ्या कागदावरची छपाई, त्यांची सर्व्हिस, पेन्शन, सगळं. बाईनं ते सगळं ऐकून घेतलं. कंपनीत कुणी एवढं ऐकून घेत नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मधेमधे ती "हो" म्हणत होती, आणि थोड्या वेळानं ते "व्हय" झालं. पेन्शनला रिचार्ज लागत नाही या मुद्द्यावर तर ती चक्क हसली. सुभेदारही हसले. कालपासून ते पहिल्यांदाच हसत होते, आणि त्या दोघांना असं हसताना ऐकून मलाही बरं वाटलं, हे मी कबूल करतो.

"ही बाई आपल्याकडचीच दिसती," सुभेदार मला म्हणाले.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. प्रियदर्शनी पुढं झाली. तिनं तोंड फोनजवळ नेलं.

"मॅडम, आजोबांच्या नंबरवर एक ओटीपी येणाराय. पाच वाजेपर्यंत. तो मिळेल का?"

"इकडं येतं ते पडून ऱ्हातं," बाई म्हणाली. "कुणी इचारतच न्हाई. पाठव. बघती मी."

तिसरी आणि शेवटची खेप होती. प्रियदर्शनीनं माझ्याकडं बघितलं. नको म्हणायचं तर त्याला तेव्हा कारण हवं होतं, आणि माझ्याजवळ असं कारण नव्हतं जे मोठ्यानं सांगता आलं असतं. मी मान हलवली. तिनं तिच्या फोनवरचं बटण दाबलं.

काउंटरवरच्या फोनमधून पावलं ऐकू आली. अनवाणी पावलं, फरशीवरून लांब लांब जाणारी.

मग काहीच ऐकू येईना. खोलीत पंखा असतो, बाहेर गाडी जाते, कुठंतरी कुत्रं भुंकतं. तसलं काहीही नव्हतं. मी वीस वर्षं कानानंच काम करतोय, पण एवढी रिकामी शांतता मी कुठल्याही स्पीकरमधून ऐकलेली नाही.

सुभेदार डोळे मिटून बसले होते.

पावलं परत आली.

"सात," बाई म्हणाली. "शून्य. दोन. दोन. नऊ. चार."

आकडे आता पुन्हा रेकॉर्डिंगसारखे येत होते, प्रत्येक वेगळा कापलेला. प्रियदर्शनीनं एकेक आकडा टाकला. शेवटचा टाकून तिनं बटण दाबलं आणि फोन माझ्याकडं वळवला. तिला स्वतःला बघवत नव्हतं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली. त्याखाली तिचं नाव होतं आणि सांगलीच्या कॉलेजचं नाव होतं.

मी तिला सांगितलं की झालं. तिनं तोंडावर हात धरला आणि ती खाली बसली, तिथंच, दुकानाच्या पायरीवर. मग हसायला लागली, आणि मग रडायला लागली. सुभेदारांनी उभं राहून काउंटरवरच्या त्या फोनला कडक सॅल्यूट ठोकला. मिलिटरीतल्या माणसाचा सॅल्यूट मी पुष्कळदा बघितलाय, पण तसा बघितला नाही. शेजारचे कापडवाले नानासो काय झालं म्हणून धावत आले, त्यांना सांगितलं तर त्यांनी पलीकडच्या दुकानात सांगितलं, आणि पाच मिनिटांत सगळ्या ओळीला कळलं की वाडीची पोरगी सांगलीला नर्स व्हायला चालली. कसं जमलं ते कुणी विचारलं नाही. जमलं म्हटल्यावर कोण विचारतंय.

आजोबा-नात पावतीची प्रिंट काढायला आणि पेढे आणायला गेले. नानासो त्यांच्याबरोबर गेले. दुकानात मी एकटा राहिलो आणि फोन काउंटरवर तसाच चालू होता.

"मुजीबभाई," बाई म्हणाली.

माझं नाव तिच्यासमोर कुणी घेतलं नव्हतं. पण मी त्या क्षणी इतका खूश होतो की मला ते उशिरा आठवलं. मी म्हटलं, बाई, तुमचे उपकार कसे फेडू ते सांगा.

"माइक तपासायचा ऱ्हायलाय तुमचा. रोज तुमी माझाच आवाज ऐकता. आज तुमी बोला."

मागणं अगदीच साधं होतं. मी फोन हातात घेतला.

"एक ते धा म्हणा."

मी म्हटलं.

"शून्य म्हणा. आता नुसतं 'आपण' म्हणा. आता 'कृपया'."

मी म्हणत गेलो.

"आता 'न्हाई' म्हणा. आसं न्हाई, शुद्ध म्हणा."

"नाही," मी म्हटलं.

"आता हसा जरा."

मी हसलो. मला मुद्दाम हसावं लागलं नाही, आनंदानं पोट भरलेलं होतं.

"झालं," बाई म्हणाली, आणि फोन कट झाला.

तेवढ्यात ती तिघं पेढे घेऊन आली. मी तीन खाल्ले. पुढच्या आठवड्यात प्रियदर्शनी सांगलीला जायला निघाली तेव्हा स्टेशनवर वाडीची वीस-पंचवीस माणसं आली होती. गाडी दोन मिनिटं थांबते, त्यात एवढ्या पिशव्या चढल्या की बहुतेक वाडीच तिच्याबरोबर निघाली असावी. सुभेदारांनी नवीन सिम घेतलं आणि दर महिन्याला माझ्याकडं येऊन रिचार्ज करू लागले. येताना कुरकुर करायचे, पण यायचे.

बाईच्या बाबतीत म्हणाल तर तिचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही.

पेढे वाटले त्याच्या तिसऱ्या दिवशी नानासो हसत हसत दुकानात आले. त्यांनी कुणाचा तरी जुना नंबर लावला होता. "मुजीबभाई, कंपनीत लागलासा व्हय?" म्हणाले आणि त्यांचा फोन माझ्या कानाला लावला.

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पहा."

माझा आवाज होता. 'स' म्हणताना माझी जीभ दाताला लागते, तीसुद्धा लागत होती. मग हिंदी झालं, मग इंग्रजी. तसलं इंग्रजी मला जन्मात बोलता आलेलं नाही.

बाजारपेठेत आठ दिवस हाच विषय होता. लोक मुद्दाम बंद नंबर शोधून लावायचे आणि दुकानासमोर उभं राहून स्पीकरवर मला ऐकवायचे. मीही ऐटीत असायचो. बायकोनं तर ते ऐकून माझा नंबर अनब्लॉक केला, एवढं गोड बोलणं घरात कधी ऐकलं नव्हतं म्हणाली. सिमरन साताऱ्याला कॉम्प्युटरचं शिकते. तिनं समजावून सांगितलं की आता दहा सेकंदांचा आवाज मिळाला तरी संगणक त्यावरून वाट्टेल ते वदवून घेतो, कुणीतरी माझा आवाज चोरून कंपनीला विकला असणार. मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचंही होतं. तरी त्या दिवसापासून फोन तपासायला मी परत बायकोलाच फोन लावतो, आणि ती बिचारी उचलते.

दिवाळीच्या सुट्टीत प्रियदर्शनी आली. अंगानं भरली होती, बोलण्यात धीटपणा आला होता. चकल्यांचा डबा काउंटरवर ठेवला आणि सांगलीच्या हॉस्टेलच्या, वॉर्डातल्या, पहिल्यांदा सलाईन लावल्याच्या गोष्टी सांगत बसली. तिला बघून मला इतकं समाधान वाटत होतं की समोरचा उघडा फोन तसाच बाजूला ठेवला होता.

"आणि भाई, त्या दिवशी तुमच्याशी बोलून लय बरं वाटलं," ती म्हणाली. "घरची आठवण येत होती, रडूच येत होतं."

मी विचारलं, कुठल्या दिवशी.

"मागच्या म्हैन्यात. मैत्रिणीचा जुना नंबर लागला चुकून, तर तुमचं रेकॉर्डिंग लागलं. मी ठेवणार होते. तर तुमी म्हणालात, पोरी, जेवलीस का." ती हसली. "अर्धा तास बोललो की आपण. आजोबांचं विचारलंत, कॉलेजचं विचारलंत. ती बाई पण मागनं बोलत होती. इतकी वर्षं एकटीच होती म्हणाली, आता सोबत झाली."

माझ्या हातात चकली होती, ती मी खाल्ली.

"शेवटी तर तुमी लय हसवलंत," प्रियदर्शनी म्हणाली. "म्हणालात, दुकानात बसतो त्याला यातलं काय सांगू नगंस. तो हिकडं आलाय ते त्याला अजून ठावं न्हाई."

ती हसत होती. मीही हसलो.